आधी काय तुटावे?

विहिरीवर मोट चालताना ज्यांनी लहानपणी पाहिली असेल, त्यांना ते दृश्य सहसा विसरता येत नाही. धावेवरून बैल खाली उतरू लागले की नाडा ताठ होई, चाक कुरकुरू लागे, आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई. ह्या खटाटोपात मोटकऱ्याची खरी चिंता कोणती असे? बैलांच्या बळाची नव्हे, नाड्याची. बैल थकले तर त्यांना विसावा देता येई. परंतु भरल्या मोटेचा नाडा तुटला, तर मोट विहिरीच्या तळाशी जाई आणि जीव लावून ओढणारे बैल धावेवर तोंडघशी पडत. म्हणून सकाळी मोट जुंपण्यापूर्वी जाणता मोटकरी नाड्यावरून हात फिरवून पाही.

मोट गेली, नाडाही गेला. परंतु दोराने ओझे ओढण्याची विद्या नाहीशी झालेली नाही; ती मोटारगाडीच्या तोंडाशी येऊन बसली आहे. रानावनात, वाळूत व चिखलात जाणाऱ्या गाड्यांना पुढच्या बाजूस एक रहाट बसवितात. त्यालाच विंच म्हणतात. एका रिळावर लांब दोर गुंडाळलेला असतो. गाडी रुतली म्हणजे दोराचे टोक समोरच्या झाडाला बांधावयाचे आणि रीळ फिरवावयाचे. झाड हलत नाही. तेव्हा गाडीच झाडाकडे सरकते. स्वतःच्याच बळाने स्वतःला खड्ड्यातून ओढून काढणारे असे वाहन मनुष्याने फार उशिरा निर्माण केले. आणि ते निर्माण केल्यावर, हा अवजड रहाट काम नसेल तेव्हा काढून ठेवता आला तर बरे, हा विचार तर त्याहूनही उशिरा आला. तथापि ह्या काढघाल करता येणाऱ्या विंचचे मर्म समजून घ्यावयाचे असेल, तर बरेच मागे जावे लागते. कारण रहाटाच्या सबंध इतिहासात एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. ताण मर्यादेबाहेर गेला, तर आधी काय तुटावे?

इराणचा सम्राट झर्क्सीस याने ग्रीसवर स्वारी केली, ती इ. स. पूर्व ४८० मध्ये. आशिया आणि युरोप यांच्यामधील हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर, म्हणजे आजच्या दार्दानेल्सवर, त्याने नावांचे पूल बांधविले. पहिले पूल पुरे होतात न होतात तोच वादळाने दोर तोडून त्यांची धूळधाण केली. हिरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकाराने पुढची हकीकत दिली आहे. सम्राटाने समुद्राला तीनशे फटके मारण्याची आज्ञा केली आणि पुलाच्या कामावरील अधिकाऱ्यांची डोकी उडविली. मग नवे कारागीर आले. त्यांनी एका बाजूस ३६० आणि दुसऱ्या बाजूस ३१४ गलबते ओळीने उभी केली आणि त्यांवरून दोर ताणले. ते ताणण्यासाठी किनाऱ्यावर लाकडी रहाट रोविले होते. ग्रीक भाषेत ह्या रहाटाला ‘गाढव’ असेच नाव आहे! ओझे मुकाट्याने ओढतो म्हणून गाढव. हे नामकरण ज्याने केले त्याला मोटकऱ्याची दृष्टी होती, असेच म्हणावे लागेल.

ह्या दुसऱ्या वेळी एक महत्त्वाचा फरक करण्यात आला. पहिल्या वेळी फिनिशियन लोकांनी आपला पूल तागासारख्या पांढऱ्या धाग्याच्या दोरांवर आणि इजिप्शियनांनी आपला पूल पपायरसच्या दोरांवर बांधला होता. आता प्रत्येक पुलासाठी दोन दोर पांढऱ्या धाग्याचे आणि चार पपायरसचे, असे मिश्रण केले गेले. समुद्राला मारलेले फटके व्यर्थ गेले, हे सांगावयास नकोच. उपयोगी पडली ती दोरांची नवी मांडणी.

पुढे जहाजांवर रहाट उभा राहिला. डेकच्या मध्यभागी एक जाड लाकडी खांब. त्याच्या डोक्याला खोबणी. त्या खोबणींत लांब दांडे घालून दहा-वीस खलाशी छातीने रेटीत गोल फिरत आणि नांगर वर येई. काम संपले की दांडे काढून बाजूस रचून ठेवीत. काढघाल करण्याची सोय ही अशी जुनी आहे. खांब जहाजाचा, परंतु दांडे प्रसंगापुरते. ह्या खांबाच्या बुडाशी लोखंडाच्या खिट्या असत. रहाट उलटा फिरू लागला तर त्या दात्यांत अडकून त्याला थांबवीत. खिटी मोडली किंवा निसटली तर मात्र अनर्थ होई. नांगराचे सारे वजन रहाट उलटा गरगरा फिरवी, आणि त्याच दांड्यांच्या तडाख्याने खलाशांची हाडे मोडत. मनुष्याच्या हातातले साधन क्षणात मनुष्यावरच उलटे, आणि त्याला कारण होई तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा.

उभ्या रहाटाचा दुसरा एक गुण येथे सांगितला पाहिजे. त्याच्यावर दोर कायमचा गुंडाळून ठेवावा लागत नाही. फिरत्या खांबाभोवती तीन-चार वेढे द्यावयाचे आणि मोकळे टोक हातात धरून ओढीत राहावयाचे, एवढे पुरते. दोर आणि खांब यांच्या घर्षणामुळे प्रत्येक वेढ्यागणिक जोर वाढत नाही, तर पटीने वाढतो. बेताचे घर्षण धरले तरी एका वेढ्याने हाताचा जोर सुमारे पाचपट होतो आणि तीन वेढ्यांनी शंभरपटीच्याही वर जातो. एका माणसाच्या हाताने मोठे गलबत धक्क्याला रोखून धरता येते, ते ह्यामुळे. परंतु खरी खुबी पुढेच आहे. हात सैल केला की दोर खांबावर घसरतो आणि ताण उतरतो. येथे काही तुटण्यापूर्वी निसटण्याची सोय आहे, आणि ती माणसाच्या मुठीत आहे.

एकोणिसाव्या शतकात माणसांची आणि जनावरांची जागा वाफेने घेतली. इंग्लंडमध्ये जॉन फाउलर नावाच्या कल्पक गृहस्थाने वाफेच्या इंजिनाने शेत नांगरण्याची पद्धत सिद्ध केली आणि १८५८ साली तेथील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे ५०० पौंडांचे पारितोषिक मिळविले. इतके जड इंजिन ओल्या शेतात घातले तर तेच रुतेल, हे त्याने ओळखले होते. म्हणून इंजिन बांधावर उभे राही आणि तारेच्या दोराने नांगर शेतातून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढी. समोरच्या बांधावर एक वजनदार गाडा असे. त्याची चाके धारदार तबकड्यांची, जमिनीत रुतून बसणारी. दोराच्या ओढीने गाडा आडवा घसरू नये म्हणून ही योजना होती. आपल्या भाषेत शेतातल्या आणि जहाजावरच्या अशा दोन्ही अवजारांना नांगर हाच शब्द आहे. फाउलरच्या शेतात हे दोन्ही नांगर एकाच दोराला बांधलेले होते. एक जमीन फाडणारा आणि दुसरा जमीन धरून ठेवणारा. दुसऱ्याची पकड सुटली तर पहिल्याचे काम तेथेच थांबे.

ह्यानंतरची पायरी म्हणजे रहाट स्वतः चाकांवर चढला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मालवाहू मोटारी फार मोठ्या संख्येने बांधल्या. त्यांत डॉज कंपनीच्या पाऊण टनी ट्रकांचे उदाहरण बोलके आहे. डब्ल्यूसी-५१ आणि डब्ल्यूसी-५२ हे दोन ट्रक जवळजवळ सारखे. फरक एवढाच, की दुसऱ्याच्या तोंडाशी विंच होता. दोन्ही मिळून १,८०,००० च्या वर ट्रक तयार झाले. त्यांपैकी विंच असलेले सुमारे एकतृतीयांश होते. म्हणजे कोणत्या ट्रकाने रहाट वाहावयाचा आणि कोणी नाही, हे कारखान्यातच ठरे. सगळ्यांच्याच गळ्यात ते लोढणे बांधण्याचे कारण नाही. ताफ्यात काहींजवळ असले म्हणजे ते इतरांना काढतील, हा त्यामागील हिशेब.

ह्या विंचला इंजिनातूनच एका फिरत्या दांड्याने शक्ती मिळे. इंजिनाचा जोर अफाट; दोराची ताकद मर्यादित. चालकाने हट्टाने पाय दाबून धरला तर काय होईल? ह्या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांनी एका लहानशा खिळीने दिले. दांडा आणि विंच यांच्या जोडावर त्यांनी मुद्दाम कमकुवत धातूची खीळ घातली. ताण ठराविक मर्यादेपलीकडे गेला की ही खीळ कट्‌कन तुटावी, दांडा नुसताच फिरत राहावा, आणि दोर, गिअर व माणसे सुरक्षित राहावीत, अशी ती योजना. सुट्या खिळी गाडीत बरोबर ठेवावयाच्या. तुटली की दुसरी घालावयाची. खीळ तुटली म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे. यंत्राने आपले काम चोख केले असे समजावयाचे. परंतु वारंवार तुटणाऱ्या खिळीचा कंटाळा येऊन कोणी तिच्या जागी पोलादाचा पक्का बोल्ट ठोकला, तर त्याने कमकुवतपणा नाहीसा केला असे होत नाही. त्याने तो फक्त दुसरीकडे ढकलला. बहुधा दोरात, आणि दोराजवळ उभ्या असलेल्या सोबत्याच्या अंगावर.

ह्याच युद्धात जीप जन्मास आली. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड ह्या कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. सुमारे अकराशे किलो वजनाची ही गाडी रुतली तर चार जवान तिला उचलून बाहेर काढीत. तिला नेहमीसाठी विंच दिलेला नव्हता, यात नवल नाही. युद्धानंतर मात्र ती शेतावर आणि जंगलात गेली, आणि तेथे चार जवान हाताशी नसत. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स यांच्या अँगलसी बेटावरील शेतीवर अशीच एक जीप होती. तिच्यावरून सुचलेली लँड रोव्हर एप्रिल १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिच्या पुढच्या बाजूस हवा असल्यास जहाजावरच्यासारखा उभा रहाट बसवून मिळे. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरून त्याला गती मिळे. वेढे द्यावयाचे आणि टोक हातात धरावयाचे. खलाशाची जुनी मूठ शेतकऱ्याच्या उपयोगी आली. भारतात जीपचा संसार मुंबईत थाटला गेला. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर लवकरच सुटे भाग आणून तेथे विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. महाराष्ट्रातील कितीतरी तालुक्यांच्या गावी पुढे जीप म्हणजेच सरकार, असे समीकरण होऊन बसले.

आता विजेचा रहाट. १९४८ साली अमेरिकेत सिॲटलजवळ आर्थर वॉर्न यांनी युद्धातून उरलेल्या जीपगाड्यांसाठी एक युक्ती काढली. पक्क्या रस्त्यावर पुढच्या चाकांना इंजिनाच्या जोराची गरज नसते. तरीही त्यांच्यामागचे दांडे व गिअर उगाच फिरत राहतात, झिजतात आणि पेट्रोल खातात. वॉर्न यांनी चाकाच्या तुंब्यातच जोड सोडण्याची आणि पुन्हा बसविण्याची सोय केली. जे लागत नाही ते वागवू नये, हा तो विचार. त्यांच्याच कंपनीने १९५९ साली हौशी प्रवाशांच्या गाड्यांसाठी विजेचा विंच बाजारात आणला. १९७४ साली तिने ८२७४ ह्या क्रमांकाचा विंच काढला. त्याची ओढ आठ हजार पौंडांची, म्हणजे सुमारे ३,६०० किलोंची होती, आणि तो पुढे कित्येक वर्षे नावाजला गेला.

विजेच्या विंचने एक मोठी अडचण दूर केली. पाण्यात इंजिन बंद पडले, तरी बॅटरीच्या बळावर काही काळ दोर ओढता येऊ लागला. शिवाय इंजिनापासून फिरता दांडा आणावयास नको. दोन जाड तारा पुरतात. मात्र त्या तारांतून पूर्ण ताणाच्या वेळी चारशे अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. घरातला दिवा एखाद्या अँपिअरहूनही कमी प्रवाहावर जळतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळेल. तेव्हा बॅटरी झपाट्याने उतरते, मोटर तापते, आणि मधूनमधून थांबून तिला निववावे लागते. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. विंचवर लिहिलेली ओढ ही रिळावर दोराचा शेवटचा थर उरला असतानाची असते. रिळावर थरावर थर चढले की रीळ जाड होते आणि ओढ घटत जाते. म्हणून जवळच्या झाडाला थोडासा दोर सोडून ओढण्यापेक्षा दूरच्या झाडाला बांधणे, किंवा झाडाला कप्पी लावून दोर परत गाडीकडे आणणे, हे शहाणपणाचे. कप्पीने वेग निम्मा होतो, परंतु ओढ जवळजवळ दुप्पट होते.

वीज आली आणि फिरता दांडा गेला, तेव्हाच विंच काढता येण्याजोगा झाला. ह्या काढघालीच्या विंचची बांधणी साधी आहे. गाडीच्या सांगाड्याला पुढे, आणि हवी असल्यास मागेही, दोन इंची चौकोनी पोलादी खोबण बसवितात. विंच एका पाळण्यावर घट्ट बोल्टने आवळलेला असतो. पाळण्याला मागे चौकोनी दांडा आणि बाजूंना उचलण्यासाठी मुठी असतात. दांडा खोबणीत सरकवावयाचा, आडव्या भोकांतून जाड खीळ घालावयाची, खिळीला चाप लावावयाचा आणि विजेच्या ताऱ्यांचे जोड एकमेकांत बसवावयाचे. पाच मिनिटांचे काम! एरवी चाळीस-पन्नास किलोंचे हे ओझे घरी राहते. पुढच्या स्प्रिंगा दबत नाहीत, पावसाने व धुळीने मोटर गंजत नाही, आणि गाडीचे तोंड मोकळे राहिल्याने चढ चढताना जमिनीला घासत नाही. सर्वांत मोठा लाभ म्हणजे ज्या वाटेने आत आलो त्याच वाटेने मागे निघावयाचे असेल, तर विंच मागच्या खोबणीत लावून गाडी मागे ओढता येते. जिथून सुखरूप आलो ती जमीन ओळखीची असते. पुढचा चिखल किती खोल आहे, ते कोणास माहीत?

परंतु येथेच तो जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. कायम बसविलेला विंच सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या तुळयांना रुंद अंतरावर बोल्टने आवळलेला असतो. ताण दोहोंवर वाटला जातो. काढघालीच्या विंचचा सगळा ताण मात्र एका चौकोनी दांड्यावर आणि एका खिळीवर येतो. दोर सरळ रेषेत असेल तोवर हे चालते. दोर बाजूला तिरका गेला, की तोच दांडा तरफेसारखा वागू लागतो आणि खोबण पिळवटते. म्हणून अशा विंचने फार तिरके ओढू नये; आधी कप्पी लावून दोराची दिशा सरळ करून घ्यावी. त्याहून मोठी चूक म्हणजे ट्रॉली ओढण्यासाठी लावलेल्या कोणत्याही खोबणीत विंच अडकविणे. चाकांवरून सहज घरंगळत येणारी ट्रॉली वेगळी, आणि आसापर्यंत चिखलात रुतलेली गाडी वेगळी. अशा गाडीला हलविण्यास तिच्या वजनाइतका, कधी त्याहूनही अधिक जोर लागतो. म्हणूनच भरलेल्या गाडीच्या दीडपट ओढीचा विंच घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. परंतु विंच जितका बळकट, तितकी खोबणही बळकट हवी. नाहीतर आपणच विकत घेतलेल्या जोराने आपणच लावलेली खोबण उपटून निघेल.

झाडापासून सांगाड्यापर्यंतचा प्रत्येक दुवा मोजून पाहिला, तर ही साखळी बरीच लांब आहे: झाडाचा पट्टा, कडी, आकडा, दोर, रीळ, पाळणा, खीळ, खोबण, आणि शेवटी सांगाडा. युद्धातल्या ट्रकावर ह्यांपैकी कोणता दुवा आधी तुटावा, हे अभियंत्याने ठरविले होते. काढघालीच्या विंचवर ते ठरविण्याचे काम बरेचसे मालकाकडे आले आहे. येथली खीळ तुटण्यासाठी घातलेली नसते. ती कदापि तुटता कामा नये. दोन्ही खिळीच. एकीचा धर्म तुटण्याचा आणि दुसरीचा टिकण्याचा. हा भेद न समजता पेटीत सापडेल तो बोल्ट जो खोबणीत सारतो, त्याने साखळीतला सर्वांत दुबळा दुवा स्वतःच्या हाताने, आणि तोही सर्वांत वाईट जागी बसविलेला असतो. तेथे खीळ तुटली तर नुसता दोर सुटत नाही. पन्नास किलोंचा पाळणा दोरामागोमाग गोफणीच्या दगडासारखा सुटतो.

पोलादी दोर ताणाखाली किंचित लांबतो आणि लांबताना शक्ती साठवितो. तो तुटला म्हणजे ती सगळी शक्ती चाबकाच्या फटकाऱ्याने बाहेर पडते. तीत माणूस दगावू शकतो. म्हणून ताणलेल्या दोराच्या मध्यावर जाड घोंगडी किंवा जड पोते टाकावे, आणि दोराच्या रेषेत किंवा जवळपास कोणासही उभे राहू देऊ नये, असा नियम आहे. हॉलंडमधील डीएसएम कंपनीच्या संशोधकांनी १९७९ च्या सुमारास पॉलिथिलीनचा अत्यंत बळकट धागा कातण्याची रीत शोधून काढली. त्या धाग्याचे दोर आता विंचवर वापरतात. ते पोलादाहून पुष्कळ हलके असतात आणि तुटल्यास तितके उसळत नाहीत. परंतु त्यांनाही शत्रू आहेत: खडकाची धार, उन्हातील किरणे आणि उष्णता. पाण्याला उकळी फुटते त्याहून थोड्याच अधिक उष्णतेवर हा धागा वितळतो. आणि काही विंचमध्ये ब्रेक रिळाच्या पोटातच असल्यामुळे, भार धरून दोर सोडताना रीळ बरेच तापते. भय टळले नाही. त्याचे स्वरूप बदलले.

उरला प्रश्न बांधावयाचे कोठे. दख्खनच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतली, तर कोसभर झाड दिसत नाही. तेव्हा गाडीतील जादा चाक दोर बांधून खोल खड्ड्यात उभे पुरावयाचे आणि त्याच्या आधाराने ओढावयाचे, हा जगभर चालत आलेला उपाय आहे. फाउलरच्या गाड्याच्या तबकड्या जे काम करीत, तेच हे चाक करते. त्या वेळी भर पावसात फावड्याने खड्डा खणणारा माणूस रुतलेल्या गाडीला तिच्या विंचइतकाच उपयोगी असतो.

झर्क्सीसने दोर तुटल्यावर समुद्राला फटके मारले आणि माणसांची डोकी उडविली. नंतरच्या कारागिरांनी दोराची मांडणी बदलली. खलाशांनी खिटी बसविली. अभियंत्यांनी तुटण्यासाठी खीळ घातली. ही सारी शहाणीव अपघातांतून आलेली आहे आणि त्यांची किंमत बहुतेक वेळा दोराजवळ उभ्या असलेल्या माणसांनी दिली आहे. विंच घरच्या कोपऱ्यातून उचलून गाडीला लावण्याची सोय आता झाली आहे. त्या सोयीबरोबर एक रोजचे कामही आले आहे. ते म्हणजे लावताना खीळ, चाप आणि दोर हाताने चाचपून पाहणे. मोटकरी नाड्यावरून सकाळी जो हात फिरवीत असे, तोच हा हात.